वसंतकाकांनी हुंगलेला आंबा

किराणा दुकानदाराला आंबा विकायला शिकवणं हा कुणाचा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे सांगितलं की माझ्या माहेरची माणसं अजूनही हसतात. साबण, साबुदाणा, तूरडाळ विकण्यात ज्याची हयात गेली त्याला आंबा काय शिकवायचा? पण साबण तीन महिने फळीवर पडून राहतो आणि कुणाला काही बोलत नाही. आंबा सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसराच. हे ज्याला कळत नाही त्याने आंबे ठेवू नयेत, असं वसंतकाकांचं म्हणणं. आमच्या फळांच्या पेढीतर्फे ते बडोद्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या दुकानांत जाऊन आंबा कसा उतरवायचा, कसा ठेवायचा, कसा मांडायचा आणि गिऱ्हाइकाला कसा घ्यायला लावायचा हे शिकवत. आता ते काम मी करते. परवा रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराने मला विचारलं, "बेन, काका जेवुं तमने आवडे छे?" काकांसारखं जमतं का तुम्हाला, असं. मी हो म्हटलं, आणि मग दिवसभर माझं कशातच लक्ष लागलं नाही.

वसंतराव घाटगे. उंच, काटक, पासष्टीच्या अलीकडे-पलीकडे. घराणं जुन्या संस्थानच्या फौजेतलं, पणजोबा घोडदळात होते म्हणे. "त्यांनी तलवार चालवली, मी सुरी चालवतो," असं काका स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात सुरी, दोन पंचे, दातकोरण्यांची डबी आणि खडू. शर्टाच्या बाहीवर चिकाचा एक तरी डाग असायचाच. सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "यांच्याशी लग्न केलं आणि चीक धुण्यात जन्म गेला."

ते गोड स्वभावाचे होते असं मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण काका गेलेले नाहीत, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही. चुकणाऱ्याला ते चारचौघांत झापत. मी त्यांच्या हाताखाली लागले आणि रावपुऱ्याच्या त्याच दुकानात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने हौसेने केशर आंब्यांचा भलाथोरला डोंगर रचला होता, वरून पाणी शिंपडून चकचकीत केला होता. काकांनी पंचा अंथरला आणि वरपासून एकेक आंबा उतरवायला घेतला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. तळाशी पोचल्यावर त्यांनी एक चेपलेला, पाण्याने देठाशी काळा पडलेला आंबा त्या माणसाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "आंबा खोटं बोलत नाही, शेठ. ज्याने जसा ठेवला, तसं तो सांगतो." त्या माणसाचा चेहरा पडला. मला त्याची दया आली होती.

पण मग काका तासभर तिथेच राहिले. देठ खाली करून एका थरात आंबे लावले. तीन परड्या मागवल्या आणि खडूने पाट्यांवर गुजरातीत लिहिलं: आज खा, परवा खा, रविवारी खा. प्रत्येक परडीत त्या-त्या पिकाचा आंबा. गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून आंबा बघतं ते पिकला की नाही या काळजीपोटी; ती काळजी पाटीने मिटवली की अंगठाही थांबतो, हे त्यांचं शास्त्र. एका बाईने आजच्यातले चार आणि रविवारच्यातले सहा घेतले, आणि आलेली प्रत्येक बाई तसंच करायला लागली. तोच दुकानदार पुढे वर्षानुवर्षं काकांना चहाशिवाय सोडत नसे.

वाद घालण्यात ते वेळ घालवत नसत. एका मोठ्या मॉलच्या तरुण मॅनेजरने कच्चे आंबे थंड कपाटात ठेवले होते. फळ म्हटलं की थंडीत, असा त्याचा हिशेब. काकांनी त्यातला एक आंबा त्याच्याच टेबलावर ठेवला, "याला हलवू नको" म्हणाले आणि निघून आले. पाचव्या दिवशी परत गेलो. आंबा काळ्या ठिपक्यांनी भरला होता, सुरकुतला होता आणि पिकला मुळीच नव्हता. "थंडीने मेला," काका म्हणाले. "आता याला अढीत घाल नाहीतर देवळात ने, हा उठणार नाही."

आणि त्यांचं नाक. आंबा हातात घेऊन देठाची बाजू नाकाशी, डोळे मिटून एकच श्वास. मग निकाल. "अजून शाळेत आहे." "कॉलेजात गेलाय." "हा परवा बोहल्यावर चढतो." "हे आजोबा झाले, यांचा रस करा." दुसऱ्यांदा हुंगला की समजायचं, भानगड आहे, ती पेटी बाजूला. पेढीतून निघणाऱ्या प्रत्येक लॉटमधल्या पेट्या ते अशा हुंगून काढत. दुकानदार गिऱ्हाइकांना तेच सांगून माल विकत: "वसंतकाकाए सूंघेली केरी छे." वसंतकाकांनी हुंगलेला आंबा. याहून मोठी जाहिरात आमच्या पेढीने कधी केली नाही.

नाकावरच सगळं, कारण हंगामाच्या सुरुवातीला ते आंबा तोंडात घालतच नसत. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या पानावर आंबा वाढायचा, मगच आपण खायचा, हा आपल्याकडचा नेम. पुष्कळ घरांतून तो आता गेला. काकांनी धंद्यात असून पाळला. दुकानात फोडी कापून लोकांना वाटायचे, स्वतः बोटसुद्धा चाटायचे नाहीत. काका का खात नाहीत म्हणून गुजराती बायका चेष्टा करत, "काका, तमे केम नथी खाता? डायाबिटीस?" काका सांगत, "आमची वडीलमंडळी अजून पानावर बसायची आहेत. त्यांच्या आधी मी कसा जेवू?" हे ऐकून त्या बायका एक किलो जास्त घेत. मी एकदा म्हटलं, "काका, हा नेम आहे की विक्रीची युक्ती?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत दोघांनाही ताप आला. सुमनकाकूंचा छातीत उतरला आणि आठ दिवसांत त्या गेल्या. काका उठले. मार्चमध्ये हंगामाची तयारी सुरू झाली तेव्हा पिशवी घेऊन हजर. वाळले होते, पण उलट माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ वागायला लागले होते. आंबा हातात घेतला की आधी माझ्यापुढे धरत. "पल्लवी, तू सांग आधी. शिकायला पाहिजे ने आता." मी हुंगायची, नाक मुरडायची किंवा मान हलवायची, मग ते हुंगायचे आणि निकाल द्यायचे. आमचा निकाल नेहमी जुळायचा. मला वाटलं, मी तयार झाले. घरी नवऱ्याला फुशारकीही मारली.

मग एका सकाळी मी काही कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. जिन्यातच जळक्याचा वास येत होता. दार उघडं. स्वयंपाकघरात पातेल्यात दूध जळून कोळसा झालेलं, घरभर धूर, आणि काका गॅसपासून दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन गॅस बंद केला. "अरे," ते म्हणाले, "उतू गेल्याचा आवाज आला नाही." आवाज! मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पेपरची घडी करायला लागले. त्यांना घडी जमेना.

त्या क्षणी मला सगळं कळलं. ताप गेला होता तो त्यांचं नाक घेऊन. आणि ते मला शिकवत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघून निकाल देत होते. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. विचारावं, पेढीच्या शेठना सांगावं, डॉक्टरकडे न्यावं, सगळं मनात आलं. मी यातलं काही केलं नाही. पातेलं घासून ठेवलं आणि म्हटलं, "काका, येते." बायको जाऊन तीन महिने झालेल्या माणसाकडून त्याची उरलेली एक गोष्ट आपण काढून घ्यायची? असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला कटकट नको होती.

डभोईच्या नयनाबेनचं दुकान लहान, भागोळीच्या म्हणजे गावच्या वेशीच्या आत. नवऱ्याला अर्धांग झाल्यापासून त्या एकट्या चालवत. आंबा ठेवायला त्या भीत होत्या. काकांनीच त्यांना तीन उन्हाळे शिकवून तयार केलं होतं. त्या वर्षी त्यांनी अक्षय्य तृतीयेसाठी चाळीस घरांची नोंद घेतली होती. प्रत्येक घरी एकच वाक्य सांगून: वसंतकाकांनी हुंगलेला आंबा. चाळीस पेट्या निघायच्या दिवशी माझ्या मुलीच्या शाळेत बोलावलं होतं. मी रजा घेतली. काका एकटे आहेत हे मला ठाऊक होतं. तरी घेतली.

त्या लॉटच्या वेळी आमच्या पिकवणीच्या खोलीतलं थंडाव्याचं यंत्र बंद पडलं होतं. आंबे बाहेरून पिवळेधमक, आतून उकडलेले, देठाशी आंबूस वास मारणारे. पूर्वीचे काका दारातूनच ओरडले असते. आमच्या ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं, गाडीत वास येत होता, पण काकांनी एकेक पेटी तीन-तीनदा हुंगून पाठवलेली, तर मी कोण बोलणार? फोड कापून तोंडात घातली असती तर आंबटपणा तरी जिभेला कळला असता. पण अक्षय्य तृतीया तीन दिवसांवर होती, आणि त्या वर्षी पितरांच्या पानांत एक पान सुमनकाकूंचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नयनाबेनच्या दुकानापुढे पेट्या परत यायला लागल्या. लोक ओट्यावर ठेवून जात. नयनाबेनचा फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या, नुसत्या विचारत होत्या, माझं काय चुकलं, सांगा. शेठनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते, कारण कागद मला टाइप करायचा होता. शेठ म्हणाले, "यंत्राचं बाहेर गेलं तर शंभर दुकानं हातची जातील. तुम्ही लिहून द्या, तिने पेट्या बंद खोलीत एकावर एक ठेवल्या. तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार?"

मला वाटलं, काका आता खरं सांगतील. ते म्हणाले, "ठेवल्या असतील. भिंतीला टेकवून ठेवल्या असतील. बायका ऐकत नाहीत." त्यांनी सही केली. मी टाइप केलं होतं. तो कागद डभोईला गेला, आणि नयनाबेनला आंबा ठेवता येत नाही हे आमच्या पेढीच्या शिक्क्याने गावाला कळलं. त्या दिवशी काकांचा मला तिटकारा आला. माझाही आला, पण काकांचा येणं सोपं होतं.

अक्षय्य तृतीयेला दुपारी त्यांचा फोन आला. "जरा घरी येशील?" गेले. पाटाभोवती रांगोळी, केळीच्या पानावर पुरणपोळी, आमरसाची वाटी, वर सुमनकाकूंचा फोटो. नैवेद्य झाला होता. काकांच्या पुढ्यात त्यांची स्वतःची वाटी होती, एक चमचा खाल्लेली.

"काहीच लागत नाही गं," ते म्हणाले. "नुसतं गोड. साखरेचं पाणी पिल्यासारखं. आंबा कुठेच नाही." मग म्हणाले, "मला वाटलं होतं, नाक गेलं तरी हिच्या पानावर वाढून तोंडात घातला की परत येईल. इतकी वर्षं नेम पाळला, म्हणून. वेड्यासारखं वाटलं होतं मला." आणि ते रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सुमनकाकू गेल्या तेव्हाही नाही.

मी म्हटलं, "मला माहीत होतं, काका. दूध जळलं तेव्हापासून."

"मलाही माहीत होतं, की तुला माहीत आहे," ते म्हणाले. मग तोंड पुसलं. "त्या बेनने पेट्या व्यवस्थित ठेवल्या होत्या. मी शिकवलंय तिला. ती चुकणारी नाही. उद्या डभोईला येतेस?"

सकाळच्या बसने गेलो. काकांनी पिशवी आणली नव्हती. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तेल नाहीतर साखर घ्यायला आलेली. काका ओट्यापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेन, पेटीओ तमे बराबर राखी हती. वांक मारो छे. मारुं नाक गयुं छे, ने में कोईने कीधुं नहीं."

पेट्या तुम्ही नीट ठेवल्या होत्या, दोष माझा आहे, माझं नाक गेलंय आणि मी कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. नयनाबेननी साखरेची पुडी बांधून झाली तेव्हाच वर पाहिलं. "मने तो खबर ज हती, काका, के में बराबर राखी हती," त्या म्हणाल्या. "पण गाम मने पूछे छे, तमने नहीं." मी नीट ठेवल्या होत्या हे मला माहीतच होतं, पण गाव मला विचारतं, तुम्हाला नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती.

काका म्हणाले, "घरांची यादी द्या." नयनाबेननी वहीचं पान फाडून दिलं. हात धुऊन, पदर नीट करून त्या पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मला दोनच्या बसने परतायचं होतं. पुढच्या महिन्यात काका मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले. पेढीत ते परत आले नाहीत, फोनही उचलत नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, यादीतल्या पहिल्या चार घरांपर्यंत.

पहिल्या तिन्ही घरी दारात उभं राहून त्यांनी तेच गुजराती वाक्य म्हटलं. एका घरी पाणी मिळालं. एका घरी एक माणूस म्हणाला, "सारुं, सारुं, हवे थई गयुं," जे झालं ते झालं, आणि दार लावून घेतलं. तिसऱ्या घरी एक बाई बोलली ते इथे लिहीत नाही. काका प्रत्येक घरानंतर यादीतलं नाव पेनने खोडत आणि पुढे चालत. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, "काका, सगळी घरं तुम्हीच कशाला? फोन करू या." ते म्हणाले, "आंबे फोनवर पाठवले होते काय?"

चौथं घर इंदूताई दिघ्यांचं, मराठी. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, दाराच्या चौकटीला धरून उभ्या. काकांनी आपलं वाक्य मराठीत सुरू केलं. इंदूताईंनी मधेच थांबवलं.

"तुम्हीच का ते घाटगे? मी तुमचाच आंबा वाढला हो पानावर. सासूबाई, सासरे आणि हे. पितरांआधी चाखायचा नाही, म्हणून चाखला नाही. त्यांचं झाल्यावर तोंडात घातला, तेव्हा कळलं काय वाढलं ते."

काकांनी यादीचा कागद खिशात घातला. म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षी पान वाढाल तेव्हा त्यांना सांगा, चूक वसंत घाटगेची होती. दुकानवाल्या बेनची नव्हती."

"पुढच्या वर्षी मी असेन-नसेन," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा ने. या आत."

त्यांनी काकांच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं आणि त्यांना आत नेलं. मला कुणी बोलावलं नाही. तो कागद टाइप करणारी मी, मलाही काही सांगायचं होतं. पण मी पायरीवरच उभी राहिले. आतल्या भिंतीवर हार घातलेले तीन फोटो होते. काका त्यांच्यापुढे हात जोडून, माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"मी वसंत घाटगे, बडोद्याचा," ते हळू आवाजात म्हणाले. "मला वास येत नव्हता, तरी मी आंबा पाठवला. नयनाबेनने पेट्या…"

"मोठ्याने बोला," इंदूताई मागून म्हणाल्या. "यांना कमी ऐकू यायचं."

काकांनी घसा साफ केला, आणि मोठ्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.